तोशिएताईंचा हिरवा हौद

तोशिएताई मियाताके शाळा संपताच आमच्या उदोन शेवयांच्या कारखान्यात लागल्या, त्या थेट कढयांवर. जाड शेवया वाफेत उकळता उकळता त्यांची चाळीस वर्षं गेली. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा साहेबांनी त्यांना मागच्या अंगणात नेमलं. तिथं शेवयांचं पिठूळ पाणी हौदात साठायचं. पूर्वी ते तसंच ओढ्यात जाई आणि उन्हाळ्यात खालच्या आळीतले लोक नाक दाबून भांडायला येत. आता विद्यापीठातल्या निशिओबाई त्या पाण्यावर बारीक शेवाळ वाढवून त्यातून इंधनाचं तेल काढणार होत्या.

ताईंना ही बदली झोंबली. म्हातारपणी गटार ढवळायचं नशिबी आलं, असं आम्हा सगळ्यांना ऐकवून त्या बांबू घेऊन कामाला लागल्या. पण पाणी आधी पोपटी आणि मग गर्द हिरवं झालं, तसा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. कोणी भेटायला आलं की त्या आधी हौद दाखवत, मग चहा विचारत.

एका सकाळी मात्र हौदाचा तळ दिसू लागला. शेवाळ गायब, आणि पाण्यात मोहरीएवढे पांढरट किडे टुणटुण उड्या मारत होते.

"सगळं खाल्लं मेल्यांनी," निशिओबाई कठड्यावर बसत म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आले कुठून हे?"

ताईंनी वाकून पाहिलं. हे किडे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. त्यांचे यजमान शोहेई घरी छोटे मासे पाळत आणि त्यांना हेच खाऊ घालत.

"बाई, हे माझ्याच घरचे," ताई म्हणाल्या. "इथली बादली गळत होती, म्हणून मी घरची आणली. माशांची होती."

निशिओबाईंनी बादलीकडे पाहिलं. मग नाक पुसून म्हणाल्या, "ताई, नवी बादली मी आणते. हौद कोण घासणार?"

दुपारी शोहेई जाळी घेऊन हजर झाले. किडे फुकट मिळणार, या आनंदात ते शीळ घालत आले होते. ताईंनी हातात घासणी दिली.

"अहो, तुमच्या माशांच्या जेवणानं आमची शेती खाल्ली. आधी घासा, मग न्या."

"अगं, माझी कंबर..."

"कंबरेला मासे नाहीत ना खायला घालायचे?"

शोहेईंनी हौद घासला. निशिओबाईंनी नवं बियाणं आणलं, वर बारीक जाळी बसली.

पुढच्या शरदात तेल आलं, जेमतेम एक बरणी. डिझेलमध्ये मिसळून शेजारच्या शेतकऱ्याच्या पॉवर टिलरमध्ये घातलं. टिलरनं रिकाम्या भातखाचरात तीन फेऱ्या मारल्या, तळणीचा वास सोडला आणि थांबला. पंपावरचं डिझेल अजून कितीतरी स्वस्त पडतं, हे निशिओबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही तरी टाळ्या वाजवल्या. ताईंनी टिलरचं गरम झाकण हळूच थोपटलं.

त्याच वर्षी त्यांची निवृत्ती ठरली. त्यांनी साहेबांकडे अर्ध्या दिवसाचं काम मागितलं. साहेबांनी दिलं. आता हौद चार झालेत आणि ताई रोज आठला येतात.