बंडीच्या आडून

"दम धर. ते बी पाहून राह्यले तुले." हवेत पंजा दाबत मामा असं म्हणायचे आणि मी जिथे असेन तिथे गवतात बसायचो.

कारंज्याच्या पुढे काळविटांचं एक सरकारी कुरण होतं. मामा त्याचे गार्ड. माझे कुणी सख्खे नव्हेत, सगळे म्हणत म्हणून मीही मामा म्हणायचो. त्यांच्या घरातला पहिला पगार त्यांचा. खाकी शर्ट कोपरावर विरलेला, पण इस्त्री कडक. मी बावीस वर्षांचा, पत्रकं वाचत वाढलेला आणि आता स्वतःच पत्रकं काढणारा. काळविटांचे फोटो छापून लोकांना जागं करायचं मी ठरवलं होतं. हाती मागून आणलेला पेटी-कॅमेरा. वीस पावलांपलीकडचं हरीण त्यात उंदराएवढं दिसे.

मामांकडे उपाय होता. तुम्हीही पाहिलं असेल, काळवीट माणसाला बुजतं, जीपला बुजतं, बैलबंडीला बुजत नाही. मामा गवताची बंडी रोज त्याच वाटेनं, त्याच चालीनं नेत. आपण चाकाच्या आडून चालायचं. कळप मान वर करी, बघे आणि पुन्हा चरू लागे.

"ह्यायचा भरोसा बसाले सहा वर्सं लागले," मामा म्हणत. "बायकोचा आजून बसाचा हाय."

एका गुरुवारी त्यांच्या साहेबाचा निरोप आला. रविवारी पाहुणे येतील, बंदुका घेऊन. बंडी जुंपून ठेव.

"शिकारीला बंदी आहे!" मी ओरडलो. "कायदा आहे, मामा. नाही म्हणून सांगा."

"कायदा नागपुरात राह्यते बावा. मी अठी राह्यतो."

"मग तक्रार करा. मी लिहून देतो."

"लिव. सही कोनाची? माही. नौकरी कोनाची? ते बी माहीच."

मी पेटलो. घरात बुद्धाची तसबीर लावायची आणि बंदुकवाल्यांची बंडी हाकायची, असं तोंडावर बोललो. मामा रागावले नाहीत.

"तसबीर भिताडावर हाय," ते म्हणाले. "भिताड नौकरीवर उभं हाय."

शनिवारी सकाळी त्यांनीच मला बोलावलं. बंडीत गवत नव्हतं, एक रिकामा रॉकेलचा डबा होता. आम्ही कळपाच्या इतके जवळ गेलो की काळ्या नराच्या डोळ्याभोवतीचं पांढरं वर्तुळ मला स्पष्ट दिसलं.

"काढ फोटो," मामा म्हणाले. "मंग भेटाचे नाईत."

मी कॅमेरा उचलला, तोच ते बंडीत उभे राहिले आणि काठीनं डबा बडवू लागले. कळप फुटला. मामांनी बैल पळवत हरणांच्या मागे बंडी घातली. कळप थांबला की पुन्हा डबा, पुन्हा बंडी. एक पाडस कोलमडलं, उठलं, पळालं. दुपारपर्यंत हेच. माझं बोट कॅमेऱ्यावर तसंच राहिलं.

"काहून, मामा?" शेवटी माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"बंडीले भ्याले तं वाचतीन." त्यांना धाप लागली होती. "साहेबानं बंडी सांगतली. बंडी नेतो ना मी."

रविवारी त्यांनी सलाम ठोकला आणि पाहुण्यांना चाकाआड चालवलं. बंडी हलली आणि पार लांबून कळप उधळला. पाहुण्यांनी मामांना आईवरून शिव्या दिल्या. मामा "जी, जी" करत राहिले.

मी त्या रात्रीच पत्रक लिहायला घेणार होतो. मामांनी हात धरला. "लिवशीन तं मी गेलो." आयुष्यात डोळ्यांनी पाहिलेली एवढी एकच लढाई, आणि ती मला छापता येईना.

वर्षभरानं कुरणावर गेलो. मामांची बंडी माळाच्या मधोमध उभी होती, गवतानं भरलेली. दूर बांधाशी काळे-तांबूस ठिपके चरत होते. चाक एकदा फिरलं असतं तर गेलेच असते. मी हाक मारली नाही. बैल शेपटीनं माशा हाकत होते, कासरा मामांच्या मांडीवर सैल पडला होता, नजर त्या ठिपक्यांवर होती. दिवस बुडाला, तरी त्यांनी बैल हाकले नाहीत.