समुद्रमंथनाचं पान

सुपातली बाजरी अर्धी निवडून झाली होती, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सत्यशीलाबाईंनी मान वर केली. कानिफनाथ उभा होता, त्यांच्या यजमानांचा, रामहरी सरांचा, जुना विद्यार्थी.

"या मास्तर! शाळेत लागलास म्हनून ऐकलं. आईला दिला असशील, मलाबी पेढा द्यायचा हुता."

"पेढा मागून, काकू. आधी मागायला आलोय."

बाईंनी सूप बाजूला सरकवलं.

रामहरी सरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी पाथर्डीजवळच्या याच गावात इतिहास शिकवला. सुट्टीत नगरला गेले की रद्दीच्या दुकानात बसायचे आणि पिवळी पडलेली वर्तमानपत्रं चाळून त्यातली व्यंगचित्रं कापून आणायचे. जाड वहीत खळीनं चिकटवायचे. संध्याकाळी ओसरीवर पोरं जमली की वही उघडायची. स्वातंत्र्यानंतर जग अमेरिका आणि रशिया अशा दोन गटांत विभागलं, आपण कुठल्याच गटात गेलो नाही, हे अलिप्ततेचं धोरण पुस्तकात दीड पानात संपायचं. सर त्यावर आठ संध्याकाळी घालवायचे. टोपी कुणाची, हात कुठं, मोठं कोण काढलंय, बारीक कोण, आणि हे काढणारा कुणाच्या बाजूचा, असं एकेक विचारत बसायचे.

भिंतीपलीकडे चुलीशी सत्यशीलाबाई भाकरी थापायच्या. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. कधी कधी त्या आतूनच टोमणा मारायच्या, "तुमच्या टोप्यावाल्यांना चहा टाकू का?" सर हसायचे. चित्रांत पुष्कळदा देव असायचे, पुढारी त्यांच्या रूपात. बाईंना ते आवडायचं नाही. मग सर म्हणायचे, "असं करू. टोप्या माझ्याकडं, देव तुझ्याकडं."

"सरांची वही पाहिजे," कानिफनाथ म्हणाला. "आमच्या घरी दसरा झाला की ऊसतोडीला कोयता उचलायचा. तो धडा दिवाळीनंतर यायचा, आन् मी तवा कारखान्यावर. दर साली सर म्हनायचे, परत आलास की दाखवतो. मी यायचो तवर परीक्षा. माझ्या वर्गातली अकरा पोरं दसऱ्यानंतर चाललीत. त्यांना आधीच शिकवायचंय. माझ्यावानी व्हायला नको."

बाईंनी ट्रंक उघडली. वही कापडात बांधलेली होती. कानिफनाथनं मांडीवर घेतली, हात पुसून पान उलटलं.

पहिलंच चित्र होतं धान्याच्या पोत्याचं. परदेशी जहाजातून पोतं उतरतंय, खाली एक माणूस उभा, मान ताठ, एक हात मात्र पसरलेला.

"हे मला कळलं हुतं," बाई म्हणाल्या. "बहात्तरच्या दुष्काळात ती अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी मी खाल्लीय. घशाखाली उतरायची न्हाई. सर म्हनायचे, ताठ मान आन् पसरलेला हात एकाच मानसाचे, दोन्ही खरे."

कानिफनाथ पुढं उलटत गेला. मग थांबला. शिवणीपाशी कागदाच्या बारीक पट्ट्या उरल्या होत्या, पातं लावून सरळ कापलेल्या.

"काकू, इथली पानं?"

बाईंचं बोट नकळत पदराच्या काठावर फिरायला लागलं.

"देवांची हुती."

"म्हंजे?"

"वर्षश्राद्ध झालं. घरातल्या फुटक्या तसबिरी, गणपती छापलेल्या लग्नपत्रिका, फाटकी पोथी, जुनी कॅलेंडरं, सगळं गोळा करून पैठणला गोदावरीत सोडलं. देवाचा कागद रद्दीत कसा जाऊ द्यायचा? त्याच्यात ही पानं पन दिली. देव माझ्याकडं, असं तेच म्हनायचे ना."

"समुद्रमंथनाचं?"

बाईंनी होकाराची मान हलवली.

कानिफनाथ कसनुसा हसला. "धडा गोदामाईला मिळाला, तीच पास झाली म्हनायची." मग त्यालाच ते बरं वाटलं नाही. त्यानं वही मिटली. "सर त्याच्यावरच सगळा धडा संपवायचे. पोरं सांगायची मला."

"थांब की. पाठ हाय मला, लिहून घे." बाई सावरून बसल्या आणि त्यांचा आवाज नकळत सरांच्या चालीवर गेला. "एका बाजूला उंच टोपी, ती अमेरिका, एका बाजूला केसाळ टोपी, तो रशिया. मधी वासुकी. रवी म्हंजे डोंगर, त्याच्यावर जगाचा नकाशा. अमृत निघेल त्याला सगळे धावतील, विषाला कोन, ते बघा. आता सांगा पोरांनो, या चित्रात आपला देश कुठंय?"

कानिफनाथचं पेन थांबलं. "कुठंय?"

बाईंनी मिटलेल्या वहीवर हात ठेवला.

"सर विचारायचे आन् पोरं बोट दाखवायची. मग सर म्हनायचे, शाबास. मी भिंतीपलीकडं. बोट कसं ऐकू येनार?"

"पन पान तुमीच कापलं की. तवा बघितलं न्हाई?"

"कापलं. वर देव दिसला, हात जोडले, घडी घातली." त्या सुपाकडे बघत राहिल्या. "हातात हुतं रे माझ्या. चाळीस वर्षं संसार केला, एकदाबी मी त्यांना म्हनाले न्हाई की दाखवा बघू."

"खालचं कासव असंल का? डोंगर पाठीवर घेतलेलं?"

"किंवा विष पिनारा. न्हाईतर काठावर उभा राहून बघनारा."

"तिन्ही बसत्यात, काकू. पन तिन्हींचा धडा येगळा हुतो." कानिफनाथ उठला. "सरांचा कुठला, तेच पाहिजे हुतं मला. जातो. सोमवारी पोत्याच्या चित्रावरच भागवतो."

वही त्यानं कपाळाला लावली आणि नेली. बाईंनी त्याला पेढ्याची आठवण करून दिली नाही.

घर रिकामं झालं. ओसरीवर सर टेकून बसायचे त्या जागी भिंतीला तेलकट डाग होता. बाई पहिल्यांदाच तिथं जाऊन बसल्या. इथून सगळं दिसलं असतं. भाकरी उतरवून चार पावलं यायचा अवकाश होता.

मग त्यांना चक्कीवाल्याची चांगुणा आठवली. ती ओसरीवर सगळ्यांच्या पुढं बसायची. तिच्या घरचं कुणी ऊसतोडीला जात नव्हतं, म्हणून तिचा एक धडा चुकला नव्हता. आता बापाची चक्की तीच चालवते. त्या धड्याला वीस वर्षं झाली, पोरगी दोन लेकरांची आई. तिला कशाला आठवेल?

तरी बाई आत आल्या, सूप पुढं ओढलं. उरलेली बाजरी खडा खडा बघून निवडली, डब्यात भरली, देवापुढचा दिवा सारखा केला.

चक्की पाचला बंद व्हायची. त्यांनी डबा कमरेवर घेतला आणि दळण टाकायला निघाल्या.