हातभर उघडी भिंत

गिलाव्याच्या कामात उद्याकाकांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि चिडण्याच्या कामात तर नाहीच. मजूर जरा उशिरा आला की ते त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. 'उद्याकाका' हे नाव गल्लीनं ठेवलेलं. रोज संध्याकाळी थापी धुताना ते पुटपुटत, "आजही नाही आला. उद्या." यायचा होता तो मसीहा. तो येणार हे यहुदी माणसानं मानायचंच, पण नुसतं मानून भागत नाही. रोज वाटही पाहायची.

म्हणून लोकांच्या भिंती आरशासारख्या करणाऱ्या काकांच्या स्वतःच्या घरात, दारासमोरच, हातभर चौकोन बिनगिलाव्याचा. दोन हजार वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेल्या यहुद्यांच्या मंदिराची आठवण. मसीहा येईल, मंदिर पुन्हा उभं राहील, तेव्हाच तो लिंपायचा.

एके दिवशी काका घरी येतात तो काय, चौकोन गायब! दुसऱ्या दिवशी लेकीला बघायला पाहुणे येणार, म्हणून काकूंनी परस्पर दुसरा गवंडी बोलावला होता.

"आला का मसीहा?" काका गरजले. "मला न सांगताच आला?"

"घसा फोडू नका. लोक विचारतात, गवंड्याच्याच घरी माल कमी पडला का!"

"आणि हा काय गिलावा म्हणायचा? पोट सुटलंय भिंतीला!"

"अहो, माझाही विश्वास आहे. येईल तेव्हा येईल."

"येईल तेव्हा येईल, असं भंगारवाल्याबद्दल बोलतात!"

"तुमचा एवढा विश्वास, तर रोज त्याच्यावर चिडता कशाला?"

"जो येणारच नाही त्याच्यावर कोण चिडतं? तू शेवटची कधी चिडलीस, सांग!"

काकू खाली वाकून गिलाव्याचे शिंतोडे पुसू लागल्या. काकांना वाटलं, भिंत गेली ती गेली, पण हिनं वाट पाहणंच सोडलं की काय?

तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातातली थापी हिसकावली आणि ओल्या गिलाव्यात खुपसली.

"कधी चिडले? माझी आई शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून निजायची! तेव्हा यायला काय धाड भरली होती त्याला?" गिलाव्याची ढेकळं धपाधप जमिनीवर पडू लागली. "येऊ दे एकदा, उंबऱ्यातच जाब विचारते!"

विटा दिसू लागल्या. काकांना इतकं बरं वाटलं की ते आणखी जोरात ओरडले, "अगं, कोपरा काटकोनात घे! असला वाकडा चौकोन बघून तो दारातूनच परत जाईल."

"जाऊन तर दाखवू दे!" काकू म्हणाल्या.