देऱ्यातले पावसाळी हातमोजे

"हिला काढलं तर ही 'का' म्हणूनसुद्धा विचारणार नाही."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. मी ट्रायल रूमच्या पडद्यामागे रेनकोट हँगरला लावत होते आणि आमचे मॅनेजर कुलकर्णी सर काउंटरवर मालकांना सल्ला देत होते. मालक म्हणजे इब्राहिमभाई, मूळचे रत्नागिरीचे. ते म्हणाले, "सीझन जाऊ दे, मग बघू." मी पुढचा हँगर उचलला. आवाज न करता.

दुकान आखातातल्या देऱ्यातलं, शिकारीच्या कपड्यांचं. मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि गिऱ्हाईक येईनासं झालं. अशा दुकानात दोनच गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज पुसायचे. किस्से तसेच राहिले, म्हणून आता कोणी नवीन कामाला लागलं की ते सांगायचं खातं माझ्याकडे आहे.

तेव्हा माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. निखिल सिव्हिल इंजिनिअर. त्याचा टॉवर विसाव्या मजल्यावर थांबला आणि तो बिनपगारी रजेवर घरी बसला. शारजाची आमची खोली माझ्या नोकरीवर चालली होती. नोकरी गेली असती तर आम्ही दोघं विमानात बसलो असतो. सीझन संपायला दीड महिना होता.

*

आधी हातमोज्यांचं सांगते. इथले शौकीन लोक उन्हाळ्याच्या शेवटी स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जातात. तिथे पाऊस रोजचा. हातमोजा असा लागतो की पाणी आत येता कामा नये, पण इतका पातळ की बोटाला ट्रिगर कळला पाहिजे. वर्षातून चार दिवस पाऊस पडणाऱ्या गावात बसून आम्ही तिघं पावसातले तज्ज्ञ झालो होतो.

कुलकर्णी सर पुण्याचे, त्यामुळे त्यांची टेस्ट शास्त्रशुद्ध. एसीचं पाणी जमणारी बादली त्यांनी मध्ये ठेवली, एक जाडजूड हातमोजा चढवला, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि मनगटापर्यंत हात बुडवला. तेवढ्यात इब्राहिमभाईंचा फोन आला. सरांनी हात बाहेर काढून बटण दाबलं, तर एकदम तीन बटणं दाबली गेली. फोन कट. पुन्हा आला, पुन्हा कट. असं चार वेळा.

इब्राहिमभाई दुकानात आले ते तापूनच. फोन का उचलत नाही म्हणून विचारलं.

"भाई, हात एकदम कोरडा आहे," सर म्हणाले.

त्या टेस्टवर साठ जोडांची ऑर्डर गेली. मंदीच्या आधी, नशीब बघा.

*

इब्राहिमभाईंचा विश्वास बादलीवर नव्हता, अनुभवावर होता. त्यांनी एक अगदी पातळ रबरी जोड निवडला आणि तो घालून शारजाहून गाडी चालवत निघाले. त्या रस्त्याचा ट्रॅफिक ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पावणेदोन तासांनी दुकानात येऊन त्यांनी बोटं धरून हातमोजा ओढला, तर आतून घामाचं पाणी टपटपलं. बोटं धुणं धुणाऱ्या बाईसारखी पांढरीफटक.

कुलकर्णी सर गंभीरपणे म्हणाले, "वॉटरप्रूफ आहे, भाई. थेंबही बाहेर गेला नाही."

*

काही नमुने मी घरी नेले. घरी रिकामा इंजिनिअर होता.

निखिल ते घालून भांडी घासायचा. रोज त्याचं एकच म्हणणं, हातमोजा चांगला आहे, पण हात भिजतो. मी दारात उभी राहून बघितलं. हात खाली सोडला की बाहीवरचं पाणी ओघळायचं आणि सैल मनगटातून सरळ आत जायचं. हातमोज्याची काही चूक नव्हती. मनगट घट्ट हवं आणि ते बाहीच्या आत जायला हवं, एवढंच. बादलीत हे कधीच कळलं नसतं, कारण बादलीत कोणी शर्ट घालून पडत नाही.

निखिल म्हणाला, "चार वर्षं मी बिल्डिंगांचं वॉटरप्रूफिंग केलं. गळती सांध्यातून होते हे मला बायकोने सिंकपाशी शिकवावं?"

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. मनगट घट्ट असलेला नमुना एकच होता. पातळ, तळव्याला खरखरीत. मी तो वेगळा ठेवला.

*

मनगटाचं झालं, बोटांचं राहिलं. बोटाला काय कळतं हे बघायची आमच्या घरातली रीत एकच, तांदळातला खडा. पण इथल्या पाकिटातल्या तांदळात खडा औषधालाही मिळत नाही. शेवटी मी फुटपाथवरून चार बारके खडे उचलून आणले आणि दुकानाच्या पॅन्ट्रीत ट्रेमध्ये तांदूळ पसरून बसले. हातात ओला हातमोजा, डोळे मिटलेले. पातळ नमुन्याने चारही खडे सापडले. जाडात तांदूळ आहे की साबुदाणा, तेही कळेना.

कुलकर्णी सर चहाला आले. बघून म्हणाले, "अगं, लोक तांदळातून खडे काढतात. तू घालतेयस?"

मी खडा परत तांदळात ढकलला आणि पुन्हा डोळे मिटले.

*

मग बू हमद आले. दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. इथलेच अरब, साठीचे, शांत, हिंदी आमच्यापेक्षा बरी. बारा जणांची टोळी शिकारीला निघाली होती आणि सगळ्यांचे हातमोजे एकाच दुकानातून घ्यायचे होते. मागच्या वर्षी त्यांनी ट्रिगरसाठी हातमोजा काढेपर्यंत हरीण निघून गेलं होतं. आमच्या सीझनमध्ये आता एवढी एकच ऑर्डर शिल्लक होती, हे काउंटरवरच्या तिघांनाही माहीत होतं.

कुलकर्णी सरांनी लगेच बादली आणली. बू हमदनी जाड हातमोजा घालून हात बुडवला, बाहेर काढला, उलटासुलटा बघितला.

"हात कोरडा आहे," ते म्हणाले. "पण माझा हात गेला कुठे?"

इब्राहिमभाई कसंनुसं हसले. बू हमद गाडीची चावी उचलायला गेले, तर त्या हातमोज्यात चावीसुद्धा येईना.

मी पॅन्ट्रीतून ट्रे आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. एक खडा दाखवला, तांदळात ढकलला. त्यांनी जाड हातमोज्याने चाचपलं. अर्धा तांदूळ काउंटरभर झाला. मग मी तो एकुलता एक पातळ जोड ओला करून दिला. त्यांनी मनगट बाहीत सरकवलं, आपण होऊन डोळे मिटले, आणि दोन श्वासांत खडा काढून काचेवर ठेवला. टक्कन आवाज झाला.

बू हमदनी डोळे उघडले. "इब्राहिम," त्यांनी विचारलं, "तू मला यातले कुठले देणार होतास?"

त्यांच्या पाठीमागे शेल्फवर साठ जोड जाड, छताला टेकलेले. इब्राहिमभाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी बादलीकडे बघितलं. मग दोघांनी माझ्याकडे.

मी म्हणाले, "पातळच, बाबा. त्यांचीच ऑर्डर टाकायचीय, म्हणून बारा जणांची मापं हवीत. जाड तर आम्ही फक्त फरक कळावा म्हणून ठेवलेत."