लाईनवाले आप्पा

आप्पांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि तेवढ्यावर त्यांनी सगळा जन्म काढला. वीज गेली की ‘लाईन गेली’, मतदानाला माणसं जमली की ‘लाईन लागली’, कुणाचा पोरगा दारू सोडून कामाला जायला लागला की ‘आला बघा लाईनीवर’. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. एकदा मोठ्या कौतुकाने त्यांना म्हणालो, की शब्दकोशात या शब्दाला दोन पानं दिली आहेत.

“दोन पानांत कसं भागतं, मास्तर?” आप्पा म्हणाले. “नदीपासनं तुमच्या वस्तीवर आलेली लाईनच साडेतीन किलोमीटर हाय.”

भीमेचं पाणी जमिनीखालून पाइपने रानोमाळ न्यायचं, हा त्यांचा धंदा. वडगाव रासाईच्या काठापासून किती रानांत त्यांनी पाइप गाडले, त्याची गणती नाही आणि नकाशा तर एकाचाही नाही. तळेगावच्या एसटीत शेजारी बसले की खिडकीतून बोट दाखवायचे. “ह्या बाभळीखाली वळण हाय. तिकडं तिघांच्या लाईनी एकीवरनं एक गेल्यात.” मला नुसता ऊस दिसायचा. हा माणूस जमिनीच्या आत बघतोय, या विचाराने अंगावर काटा यायचा.

आमची लाईन माझ्या चुलत्यांच्या, तात्यांच्या रानातून येते. वाटण्या झाल्यापासून तात्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी लाईन नेमकी त्यांच्या हद्दीत फुटली. जमीन मुरमाड, त्यामुळे पाणी वर न येता खालीच मुरायचं आणि इकडे आमचा कांदा माना टाकत होता. चार माणसं मध्ये पडली तेव्हा तात्या कबूल झाले, पण अटीवर. “ऊस नुकता लावलाय. एकच खड्डा. दुसरी कुदळ पडली, तर लाईन कायमची बंद.”

आप्पा आले. चपला बांधावर काढल्या, मोटर चालू करायला लावली. चार पावलं जायचं, पहार जमिनीत रोवायची आणि तिच्या डोक्याला कान लावून डोळे मिटायचे. दोन तास हेच चाललं होतं. तात्या हाताची घडी घालून बांधावर उभे. मी काही विचारायला पुढे झालो, तर आप्पा हळूच म्हणाले, “जरा लांब ऱ्हावा मास्तर. तुमचा श्वास ऐकू येतोय.” मग एका जागी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ठेवली. “हितं.”

कमरेइतकं खणल्यावर पाइप लागला. वीतभर चीर, बरोबर खड्ड्याच्या मधोमध. तात्या खाली उतरले, खड्ड्यात बराच वेळ बघत राहिले आणि घरी गेले. थोड्या वेळाने चहा आला. एकच कप, आप्पांसाठी.

गेल्या वर्षी आप्पा अचानक गेले. दहाव्याला नदीकाठी दहा गावांची माणसं होती आणि जो तो शेजारच्याला दबक्या आवाजात विचारत होता, “आमची लाईन वढ्यातनं नेमकी कुठनं गेलीय, तुला कवा बोलले व्हते का?” कुणालाच ठाऊक नव्हतं.

तात्या माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नदीकडे बघतच बोलले.

“तुझी लाईन फुटली तर कुठंबी खण माझ्या रानात. किती खड्डं पडायचं ते पडू दे. आता कोण सांगणार हाय?”