मावशी, साहेब आणि चौथा पाय

माझ्या मावशीचं आयुष्य 'बरं' या एका शब्दावर चाललं. लहानपणी तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. घरचे म्हणाले, मुलीच्या जातीला शोभत नाही. ती म्हणाली, बरं. मग पाणीखात्याच्या कचेरीत चिकटली. तिथे जो येईल तो आपली पिशवी, छत्री, डबा तिच्याच टेबलावर ठेवायचा, आणि ही बाई कागद मांडीवर घेऊन लिहायची. मी तिच्याकडेच राहायचे, आणि मला तिचा मनस्वी राग यायचा. माझ्यावर जीव लावणारी माणसं मुळात कमी, त्यातली ही एक अशी बावळट निघावी!

कचेरीतून निवृत्त झाली आणि एका रात्री जेवताना सहज म्हणाली, "मी कॉलेजात नाव घातलंय. पशुविज्ञान आणि अश्वव्यवस्थापन." काका, म्हणजे तिचे यजमान, इतके दचकले की चुकून तेच "बरं" म्हणून बसले. पुढे वर्षभर त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

कारण पुस्तकी अभ्यासात मावशी वर्गातल्या सगळ्या पोरांच्या पुढे, आणि ते ज्ञान ती आम्हाला जेवतानाच द्यायची. घोड्याचं आतडं किती लांब, त्याला पोटशूळ कसा उठतो, त्याला उलटी करता का येत नाही. काका घास खाली ठेवायचे. "माणसाला उलटीची सोय आहे अजून," म्हणायचे.

घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. कॉलेजातला परीक्षेचा घोडा धिप्पाड आणि कमालीचा आळशी. पोरांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलेलं. आता मावशीची हयात साहेबांसमोर मान डोलावण्यात गेलेली. ती त्याला अहो-जाहो करायची. "साहेब, जरा पाय घेता का वर?" साहेब कशाला घेतील? पहिल्या परीक्षेत त्यांनी तो पाय सरळ तिच्या पायावर ठेवला. बुटाला पुढे लोखंडी टोपी होती म्हणून बोटं वाचली. मावशी हसऱ्या चेहऱ्याने उभी. परीक्षकांनी विचारलं, थांबलात का? तर म्हणाली, "साहेबांचं झालं की करते."

शेरा मिळाला: घोड्याचा स्वभाव उत्तम, उमेदवाराचाही. ताबा शून्य.

आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर कॉलेज बंद. काका म्हणाले, हौस झाली, घरी बस. या वेळी मावशीचं 'बरं' आलं नाही, पण ती बूट पुसून कोपऱ्यात ठेवायला लागली, आणि ते मला जास्त लागलं. मी तिची तालीम घ्यायचं ठरवलं. स्वयंपाकघरात मी तिच्या पायावर पाय देऊन उभी राहायची, तिने मला खांद्याने रेटायचं आणि दरडावून 'सरक' म्हणायचं. पहिल्या दिवशी मी पायावर उभी, आणि ही मला विचारते, "चहात साखर किती घालू गं?" मी कपाळावर हात मारला. शेवटपर्यंत तिच्याकडून फार तर "सरकतेस का?" एवढंच निघालं.

परीक्षेला मीच तिला स्कूटरवरून नेलं. तेच परीक्षक, तेच साहेब. मी तबेल्याच्या कठड्याला धरून उभी. तोंडाला दोरी घालणं, खरारा, सगळं झकास झालं. तीन पाय उचलून खूर साफ झाले. चौथ्याला साहेबांनी सगळा भार तिच्यावर टाकला आणि खूर नेमका तिच्या बुटावर ठेवला. मावशीच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं. मनात म्हटलं, संपलं.

परीक्षक माणूस वाईट नव्हता. अगदी मायेने म्हणाला, "राहू द्या काकू. या वयात कशाला त्रास करून घेता?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग घोड्याकडे. हसू कुठे गेलं कळलंच नाही. खांदा टेकवून तिने असा रेटा दिला की माझ्या हाताखालचा कठडा हलल्यासारखा वाटला.

"सरक! पाय माझा आहे."

घोडा सरकला. परीक्षकही दोन पावलं मागे गेला, मीसुद्धा कठडा सोडला. मावशीने चौथा पाय उचलला, खूर नीट साफ केला, खाली ठेवला आणि म्हणाली, "झालं." परीक्षकाने तिला पास केलं.

बाहेर येऊन ती गवताच्या भाऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं, बोट मोडलं. मी घाईघाईने बूट काढायला वाकले. तिने माझा हात धरला.

"दुखत नाही गं," ती म्हणाली. "एवढंच म्हणायचं असतं?"