कारंज्यावरच्या देवाचे डोळे

भिवंडीत कारंजं कशाला, हे मला विचारू नका. ते सुचलं चौकातल्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना. सुताचा मोठा व्यापार, तोंडात कायम पान आणि नुकतीच युरोपची सहल करून आलेले. नवं शतक जेमतेम लागलं होतं. एका सकाळी ते खाडीकाठच्या कोन गावात आमच्या गणपतीच्या कारखान्यात आले, बाबांच्या हातात एक पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हणाले, "आपल्या चौकात हे असं पाहिजे."

कार्डावर फ्लॉरेन्स शहरातलं कारंजं होतं. मधोमध पांढराशुभ्र, दाढीवाला, उघडाबंब समुद्रदेव, पायाशी उधळलेले घोडे आणि कठड्यावर बसलेल्या बायका, त्यांच्या अंगावर कापड नावालाही नाही. बाबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मला हाक मारली. मी तेव्हा नुकतीच शाळेत इतिहास शिकवायला लागले होते. घरात परदेशाचा कुठलाही विषय निघाला की तो माझ्या गळ्यात पडायचा.

मी वाचनालयात बसून काय मिळेल ते वाचलं आणि बाबा माती मळत असताना त्यांना सांगितलं. सोळाव्या शतकात तिथल्या राज्यकर्त्याने शहरात नवं पाणी आणलं. ते सगळ्या जगाला दिसावं म्हणून हे कारंजं बांधलं. देवाला चेहरा दिला तो स्वतःचाच. लोकांना मात्र देव आवडला नाही, चांगला संगमरवर वाया घालवला म्हणून त्यांनी शिल्पकाराला हिणवलं. पुढे पुढे तर बायका त्या कारंज्यात धुणं धुवायला लागल्या.

"म्हंजे पानी व्हतं," बाबा म्हणाले. त्यांना एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटली.

मग मी सांगितलं की तो शिल्पकार म्हातारपणी पस्तावला. नागड्या मूर्ती घडवल्याचं त्याला पाप वाटायला लागलं. यावर बाबा इतके हसले की हातातला मातीचा गोळा खाली ठेवावा लागला. "मी आधीच कपडे घालतो," म्हणाले.

आणि घातले. सळ्या, जाळी आणि सिमेंट यांचा तो देव उभा राहिला तेव्हा त्याच्या कमरेला खाडीवरच्या माणसासारखा रुमाल होता. कठड्यावरच्या बायका काष्टा नेसल्या होत्या आणि त्यांच्या कमरेवर घागरी होत्या, घागरींतून पाणी पडायचं होतं. घोडे बाबांना जमले नाहीत. ते बैलांच्या वळणावर गेले. अध्यक्षांनी आडून आडून स्वतःच्या चेहऱ्याबद्दल सुचवून पाहिलं, पण बाबांनी देवाला माझ्या आजोबांचा चेहरा दिला. पूल होण्याआधी आजोबा खाडीत होडी चालवायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांचा फोटोही नव्हता, त्यामुळे मी आजोबांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या चौकात, दोन पुरुष उंच.

फक्त त्यांना डोळे नव्हते.

गणपती करणाऱ्यांकडे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात. आमच्याकडे शे-दोनशे मूर्ती असल्या तरी आखणी बाबा एकटेच करायचे, पहाटे आंघोळ करून, कुणाशी न बोलता. डोळे दिले की मूर्तीला दिसायला लागतं, मग तिच्यासमोर कसंही वागायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. कारंज्यावरचा देव काही पूजेचा नव्हता, पण बाबांच्या हाताला दुसरी रीत ठाऊक नव्हती. पाण्याचा देव आहे, चौकात पाणी आलं की डोळे देईन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

उद्घाटनाला टँकर मागवला. पंप सुरू झाला, बायकांच्या घागरींतून पाणी पडलं, टाळ्या झाल्या. दहा मिनिटांत मागच्या मोहल्ल्यातून हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे डबे घेऊन बायका आल्या आणि त्यांनी कारंजं बघता बघता उपसून कोरडं केलं. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाबा मात्र खूश होते, आयुष्यात आपल्या हातची मूर्ती एवढी कुणाच्या कामी आली नाही म्हणाले. पण अध्यक्षांनी ब्रश पुढे केला तेव्हा बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"ह्ये टँकरनं आनलेलं पानी. आपल्या पायानं येऊ दे."

ते पाणी आलंच नाही. जिथे माणसांना हंडाभर मिळायची मारामार, तिथे कारंज्याला नळ कोण देणार? वर्षं गेली. देवाच्या दाढीत आसपासच्या यंत्रमागांवरून उडणारा कापूस अडकायला लागला, कोरड्या टाकीत हमाल दुपारचे आडवे व्हायचे, रिक्षावाले त्या थांब्याला 'अंधे बाबा' म्हणायला लागले. बाबा महिन्यातून एकदा शिडी घेऊन जायचे, दाढी झाडून यायचे. अध्यक्ष वारले. मंडळ मोडलं. मग एका मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि त्यांचं बाहेर पडणं थांबलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की खाटेवरून एकच प्रश्न यायचा.

"चौकात पानी आयलं का, बाय?"

"नाही बाबा, अजून नाही."

आमच्या दोघांचं हे इतकं ठरून गेलं होतं की मी चपला काढता काढताच उत्तर द्यायचे.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला आणि कारंजं काढलं. शाळेत जाताना मी पाहिलं तेव्हा जेसीबी टाकी फोडत होता आणि देव आडवा पडला होता. मी थांबले नाही. वर्गावर गेले, हजेरी घेतली, धडा शिकवला. संध्याकाळी बाबांनी विचारलं आणि मी म्हणाले, "नाही, अजून नाही." शब्द खोटा नव्हता, पण मी खोटी होते. पुढे सात-आठ महिने मी रोज तेच सांगत राहिले. येणारे-जाणारे बोलून जातील म्हणून शेजारच्यांनाही बजावून ठेवलं.

थंडीत त्यांना दुसरा झटका आला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस धरू नका. त्या संध्याकाळी बाबांनी जड जिभेने विचारलं तेव्हा मला वाटलं, या माणसाने एवढं काय मागितलंय?

"आलं बाबा," मी म्हणाले. "आज आलं."

ते रडले. मला वाटलं, चला, समाधान झालं. तीस वर्षं मूर्तिकाराच्या घरात काढून मी एवढं विसरले होते की आखणी ही त्यांची इच्छा नव्हती, ते त्यांच्याकडे राहिलेलं काम होतं.

सकाळी मी उठले तर ते खाटेच्या कडेला बसलेले. उजव्या हाताने तांब्याने अंगावर पाणी घेऊन अर्धीमुर्धी आंघोळ केलेली, सदरा चुकीच्या बटणांत, मांडीवर ब्रशांची पिशवी. बोलत नव्हते. आखणीच्या दिवशी ते बोलत नसत. त्यांनी फक्त दाराकडे बोट केलं.

मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी रिक्षा बोलावली, वाटलं चढताच येणार नाही त्यांना. ते चढले. कोन ते चौक हा सगळा रस्ता मी शब्द जुळवत होते आणि चौक आला तेव्हा एकही जुळला नव्हता. कारंज्याच्या जागी दुभाजक होता, त्यावर नवे दिव्याचे खांब. बाबांनी समोर पाहिलं, मग मागे वळून रस्ता बरोबर आहे ना ते पाहिलं.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना पडघ्याच्या रस्त्याला, रस्त्याचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या आवारात घेऊन गेले; फोडलेलं सगळं तिथे टाकतात हे मी ऐकलं होतं. मोडके पाइप आणि डांबराची पिंपं यांच्या मागे देवाचं डोकं एका गालावर पडलेलं होतं. दाढी शाबूत होती. धड कुठे दिसलं नाही. मी बाबांना एका उलट्या पाटीवर बसवलं. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, नाकावरून, मग गळ्यापाशी आले, तिथे सळ्या बाहेर आलेल्या होत्या.

"बाबा, इथेच द्या ना डोळे," मी म्हणाले. "मी रंग धरते."

"भंगलेल्याला डोलं देत न्हाईत, बाय." त्यांनी पिशवीची नाडी पुन्हा बांधली. एका हाताने बांधायला वेळ लागला आणि मला मदत करू दिली नाही. मग विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भंगलेल्या मूर्तीचं करतात ते करायला सांगितलं. मी टेम्पो ठरवला, चार हमाल घेतले आणि कोनच्या काठावर, जिथे आजोबांची होडी लागायची म्हणतात, तिथे ते डोकं आम्ही पाण्यात सोडलं. बाबा रिक्षात बसून बघत होते. त्यांनी चांगला हात कपाळाला लावला. मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा ते थोडे सरकले, मला जागा करून द्यायला की माझ्यापासून लांब, ते मला कळलं नाही.

त्यानंतर ते महिनाभर होते. संध्याकाळी मी यायचे, चपला काढायचे आणि खाटेवरून काही आवाज यायचा नाही. ते जागे असायचे, माझ्याकडे बघायचे, पाणी दिलं की प्यायचे. एक दिवस मला ते सहन झालं नाही. मी खाटेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "बाबा, मला काहीतरी विचारा ना."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात तेव्हाही राग नव्हता.

"काय इचारू, बाय?" ते म्हणाले. "मना बरं वाटंल, त्येच सांगशील तू."